बेळगाव सीमाभागात माहिती अधिकार: भाषेच्या अडचणीपासून दुसऱ्या अपिलापर्यंत

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, बिदरकडचं भालकी-औराद आणि कारवारकडचं हल्याळ-जोयडा या पट्ट्यातल्या मराठी माणसाला सरकारी कागद मागताना पहिली धास्ती वाटते ती भाषेची. ‘मराठीत अर्ज चालत नाही’ असं खिडकीवर ऐकलं की बरेचजण तिथूनच माघारी फिरतात. पण माहिती अधिकार कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू आहे, आणि मराठी माणसाला कन्नड येत नसलं तरी कागद मिळवण्याची वाट त्याच कायद्यात आहे. ती वाट पायरीपायरीने सांगतो.

भाषेचं नेमकं काय आहे?

कायद्याच्या कलम ६(१) प्रमाणे अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो. कर्नाटकची राजभाषा कन्नड. त्यामुळे राज्य सरकारच्या कार्यालयात मराठी अर्ज दिला तर तो भाषेच्या कारणावरून परत येऊ शकतो, आणि मग भांडण्यात महिने जातात. मात्र हिंदी अर्ज नाकारण्याचा अधिकार कुणालाच नाही. देवनागरी लिहिता येणाऱ्या आणि शाळेत हिंदी शिकलेल्या आपल्या माणसाला पाच-सहा ओळींचा हिंदी अर्ज जड जाऊ नये. ओळखीत कुणी कन्नड लिहिणारा असेल तर कन्नड अर्ज उत्तमच, कारण टेबलावरचा कारकून तो लगेच वाचतो.

ज्यांना लिहिताच येत नाही त्यांच्यासाठीही याच कलमात तरतूद आहे. तोंडी विनंती लेखी स्वरूपात आणण्यासाठी लागेल ती सगळी वाजवी मदत माहिती अधिकाऱ्यानेच करायची असते. वयस्क आई-वडिलांना घेऊन गेलात तर हे कलम नाव घेऊन सांगा.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. राज्यघटनेचं कलम ३५० आपल्याला राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क देतं, म्हणून माहितीचा अर्जही मराठीत चाललाच पाहिजे असं काहीजण म्हणतात. गाऱ्हाण्याचा अर्ज आणि माहितीचा अर्ज वेगळे आहेत. रस्ता खराब आहे अशी तक्रार मराठीत जरूर द्या, तो घटनेने दिलेला हक्क आहे. त्या रस्त्याचं बिल मागताना मात्र कलम ६(१) लागतं. मराठी परिपत्रकांचा आणि फलकांचा लढा आपल्या जागी महत्त्वाचा आहे आणि तो चालू राहायलाच हवा, पण तो माहितीच्या अर्जात घुसडला की हाती येणारा कागद अडकतो.

आधी कागदाचं नाव शोधा

फसलेले बहुतेक अर्ज याच पायरीवर फसतात. ‘आमच्या गल्लीचा रस्ता सहा महिन्यांत का उखडला?’ हा प्रश्न रास्त आहे, पण माहिती अधिकाऱ्याला ‘का’चं उत्तर द्यायचं बंधन नाही. कार्यालयाकडे जे नोंदींच्या रूपात आहे तेवढंच तो देतो. नवी माहिती तयार करणं किंवा मत देणं त्याच्याकडून अपेक्षित नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात स्पष्ट केलं आहे. म्हणून मनातल्या प्रश्नाचं कागदाच्या नावात रूपांतर करायचं.

रस्त्याचं उदाहरण घेऊ. कामाचं मंजूर एस्टिमेट, कंत्राटदाराला दिलेला कार्यादेश, माप पुस्तिकेतली (एमबी) संबंधित पानं, गुणवत्ता चाचणीचा अहवाल आणि बिलाचे व्हाउचर हे पाच कागद आले की रस्ता का उखडला ते तुम्हालाच कळतं. माप पुस्तिकेत काँक्रीटची जाडी लिहिलेली असते. ती वाचायची, उखडलेल्या कडेला टेप लावायची.

मराठी शाळेत शिक्षक नाहीत? गट शिक्षणाधिकाऱ्यांकडे (बीईओ) त्या शाळेची मंजूर पदं, भरलेली पदं, रिक्त पदं आणि रिक्त पदं भरण्यासाठी वरिष्ठांना पाठवलेली पत्रं मागा. जिल्ह्याचे बेळगाव आणि चिकोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत. निपाणी किंवा रायबागच्या शाळेचा अर्ज बेळगावच्या डीडीपीआयकडे (सार्वजनिक शिक्षण खात्याचे जिल्ह्याचे उपसंचालक) टाकलात तर तो फिरत बसेल.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, मलप्रभा, मार्कंडेय अशा सगळ्याच नद्यांच्या काठची घरं पडली. पडझडीची वर्गवारी ए, बी, सी अशी झाली आणि भरपाई त्या अक्षरावर ठरली. ज्यांचं घर वरच्या वर्गातून खाली ढकललं गेलं त्यांनी पाहणीचा पंचनामा, अभियंत्याचा अहवाल, वर्गवारीची यादी आणि ती बदलली असल्यास बदलाचा आदेश मागायला हवा. ‘मला भरपाई का मिळाली नाही’ एवढंच लिहिलेले अर्ज एका ओळीच्या उत्तरावर मिटतात.

एक मात्र पाहून घ्या. जो कागद खिडकीवर पैसे भरून मिळतो त्यासाठी माहिती अधिकार वापरू नका. जमिनीचा उतारा, म्हणजे पहाणी किंवा आरटीसी, ‘भूमी’ प्रणालीतून नाडकचेरीत (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयात) लगेच मिळतो. कर्नाटकात २०११ च्या कायद्याने आलेली ‘सकाल’ सेवा आहे, तिच्या यादीतल्या दाखल्यांना ठरलेली मुदत असते. दाखला त्या मुदतीत आला नाही तर मग त्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीची टिपणी माहिती अधिकारात मागा.

जुने मराठी आणि मोडी कागद

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यामुळे त्याआधीच्या कितीतरी महसुली नोंदी मराठीत आहेत, आणि आणखी मागे गेलं की मोडीत. वारसाच्या किंवा हद्दीच्या वादात हे कागद सोन्याच्या मोलाचे ठरतात. माहिती अधिकारात कागद आहे त्या रूपात मिळतो. म्हणजे मराठी नोंदीची प्रत मराठीतच येते, आणि भाषांतर करून द्यायचं बंधन कार्यालयावर नाही. मोडी वाचणारा माणूस आपणच शोधायचा.

अशा कागदांसाठी थेट प्रत मागण्यापेक्षा आधी निरीक्षण मागा. गावाचं नाव, जुना सर्व्हे नंबर आणि अंदाजे वर्षं लिहून ‘अभिलेखांचे निरीक्षण करू द्यावे’ असं लिहायचं. कलम २(जे) प्रमाणे पाहणं, टिपणं काढणं आणि प्रमाणित प्रत घेणं हे तिन्ही हक्क तुमचे आहेत. मोडी जाणणाऱ्याला बरोबर न्यायचं असल्याचं अर्जातच नमूद करा. तहसील कार्यालयांतल्या जुन्या कागदांचं स्कॅनिंग ‘भूसुरक्षा’ योजनेत सुरू आहे, तेव्हा तुमच्या तालुक्याचे कागद त्यात आले आहेत का ते अर्जाआधी विचारून घ्या.

अर्ज कुणाकडे?

ग्रामपंचायतीच्या कामासाठी पीडीओ (पंचायत विकास अधिकारी), तालुक्याच्या योजनांसाठी तालुका पंचायत, महसुलासाठी तहसीलदार कार्यालय, विजेसाठी हेस्कॉम, बससाठी वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळ. पद माहीत नसेल तर ‘सार्वजनिक माहिती अधिकारी’ एवढं लिहून कार्यालयाचं नाव टाकलं तरी चालतं. चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनी पाच दिवसांत अर्ज योग्य जागी पाठवून तुम्हाला कळवायचं असतं. ‘आमच्याकडे नाही’ म्हणून हातात परत देणं बेकायदा आहे.

बेळगावात काही कार्यालयं केंद्राची आहेत. कॅन्टोन्मेंट बोर्ड, रेल्वे, टपाल, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण यांना केंद्राचे नियम लागतात आणि त्यांचं अपील केंद्रीय माहिती आयोगाकडे जातं. हलगा-मच्छे बायपासमध्ये ज्यांची जमीन गेली त्यांना हे दोन्हीकडे करावं लागतं. आराखडा, कंत्राट आणि प्राधिकरणाचा पत्रव्यवहार केंद्राकडे, तर मोजणीचे कागद आणि निवाडा राज्याच्या भूसंपादन अधिकाऱ्याकडे. दोन वेगळे अर्ज एकाच दिवशी टाका, म्हणजे एक दुसऱ्याकडे बोट दाखवेल तेव्हा तुमच्या हातात दोन्ही पोच असतील.

पतसंस्था आणि सहकारी साखर कारखान्यांचा प्रश्न आपल्याकडे घरोघरी आहे, म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा. सहकारी संस्था आपोआप या कायद्याखाली येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये थलप्पलम प्रकरणात दिला. पण त्याच निकालात दुसरी बाजूही आहे. निबंधकाला सहकार कायद्याखाली संस्थेकडून जी माहिती घेता येते, ती नागरिकाला निबंधकाकडे मागता येते, आणि कलम २(एफ) तेच सांगतं. म्हणून अडकलेल्या ठेवीसाठी संस्थेच्या मॅनेजरकडे अर्ज करू नका. सहकार खात्याच्या सहाय्यक निबंधकांकडे त्या संस्थेचा लेखापरीक्षण अहवाल, त्यावरचा दोष दुरुस्ती अहवाल आणि झालेल्या चौकशीचा आदेश मागा. ठेवीदारांनी एकत्र येऊन हे केलं तर पुढच्या दाव्याला पाया मिळतो.

अर्जाचा मजकूर

कर्नाटकच्या नियमांत २००८ पासून दोन मर्यादा आहेत. एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर साधारण १५० शब्दांत. ही मर्यादा विसरून चार पानी अर्ज दिला की पहिल्या विषयाचं उत्तर देऊन बाकीचं सोडून द्यायला त्यांना मोकळीक मिळते. रस्ता वेगळा, गटार वेगळं, दोन अर्ज करा. का हवं, कशासाठी हवं, हे लिहू नका. कलम ६(२) प्रमाणे कारण विचारायचा अधिकार त्यांना नाही.

हिंदी मजकुराचा नमुना असा:

सेवा में, सार्वजनिक सूचना अधिकारी, ग्राम पंचायत कार्यालय (गाँव, तालुका)।
विषय: सूचना का अधिकार अधिनियम २००५ की धारा ६(१) के अंतर्गत आवेदन।
वर्ष २०२३-२४ में (गली का नाम) की सीसी सड़क के काम से संबंधित इन दस्तावेज़ों की प्रमाणित प्रतियाँ दीजिए: १) मंज़ूर एस्टिमेट २) कार्यादेश ३) माप पुस्तिका के संबंधित पृष्ठ ४) भुगतान के वाउचर।
मैं भारत का नागरिक हूँ। शुल्क १० रुपये, पोस्टल ऑर्डर क्रमांक (…)।
नाम, पता, हस्ताक्षर, दिनांक।

एवढं पुरतं. सालाची आणि कामाची हद्द घातली की ‘माहिती अवाढव्य आहे’ ही सबब उरत नाही.

पैसे आणि पोच

शुल्क १० रुपये. पोस्टल ऑर्डर, डिमांड ड्राफ्ट, बँकर्स चेक, रोख किंवा चलन यांपैकी कसंही भरा. कोल्हापूर-चंदगडच्या पाहुण्यांचं ऐकून कोर्ट फी स्टॅम्प चिकटवू नका. तो महाराष्ट्रात चालतो, कर्नाटकच्या नियमांत बसत नाही. पोस्टल ऑर्डर सगळ्यात सोयीची, तिचा नंबर अर्जावर लिहा आणि झेरॉक्स काढून ठेवा. प्रतींना ए-४ पानाला २ रुपये. बीपीएल कार्डधारकाला फी नाही, कार्डाची प्रत मात्र जोडावी लागते. राज्याचं ऑनलाइन पोर्टलही आहे. त्यावर तुमचं कार्यालय दिसत असेल तर जरूर वापरा, पण गावपातळीच्या कामाला मी कागदी अर्जच सुचवेन.

हातोहात दिलात तर दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर वाद न घालता पोस्टात जा आणि स्पीड पोस्टाने पाठवा. पावती आणि पोहोचल्याचा ट्रॅकिंगचा कागद फाइलला लावा. पुढची सगळी मुदत याच तारखेवर मोजली जाते.

तीस दिवस, आणि कन्नड उत्तर

अर्ज पोहोचल्यापासून ३० दिवसांत उत्तर यायला हवं. सहाय्यक माहिती अधिकाऱ्याकडे दिला असेल तर आणखी ५ दिवस. जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल, उदाहरणार्थ माणूस कोठडीत असेल, तर ४८ तास. प्रतींचे पैसे भरा असं पत्र आलं की त्या पत्रापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस मोजणीतून वगळले जातात, म्हणून लगेच भरा. ३० दिवस उलटून गेल्यावर पैसे मागितले तर कलम ७(६) दाखवा: मुदत चुकली की माहिती फुकट.

उत्तर बहुतेक कन्नडमध्ये येतं. ते हातात धरून घाबरू नका. काही शब्द ओळखले की पत्राचा रोख कळतो. ‘दृढीकृत प्रति’ म्हणजे प्रमाणित प्रत, ‘पुट’ म्हणजे पान, ‘वर्गायिसलागिदे’ म्हणजे दुसऱ्या कार्यालयाकडे पाठवलं, ‘लभ्यविल्ल’ म्हणजे उपलब्ध नाही, ‘तिरस्करिसलागिदे’ म्हणजे नाकारलं, आणि ‘मेल्मनवी’ म्हणजे अपील. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून भाषांतर करणारी ॲप बाकीचा अर्थ बऱ्यापैकी देतात. तारखा, आकडे आणि कलमं मात्र मूळ पत्रावरूनच उतरून घ्या.

नकार आला तर

नकाराचं पत्र आलं तर त्यात कलम, कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचं नाव-पत्ता असायलाच हवा. ‘देता येत नाही’ एवढीच ओळ असेल तर तोच अपिलाचा पहिला मुद्दा.

सध्या सगळ्यात जास्त पुढे केलं जाणारं कलम आहे ८(१)(जे), वैयक्तिक माहिती. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मुळे हे कलम बदललं आणि बदल नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. पूर्वी त्यात सार्वजनिक हिताची अट होती, आणि जी माहिती संसदेला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही असं आश्वासन होतं. दोन्ही गेलं. सामान्य माणसाचं मोठं नुकसान झालं आहे, असं माझं ठाम मत आहे. तरीही हातात दोन आधार राहतात. कलम ८(२) प्रमाणे सार्वजनिक हित नुकसानीपेक्षा मोठं असेल तर माहिती देता येते. आणि कलम ४(१)(बी) प्रमाणे अनुदानाच्या योजनांचे लाभार्थी, सवलती आणि परवाने मिळालेल्यांचा तपशील कार्यालयाने आपणहून जाहीर करायचा असतो. घरकुलाची किंवा पूरभरपाईची यादी नाकारली तर हे दोन्ही मुद्दे लिहा, आणि आधार क्रमांक, बँक खाते असा खाजगी भाग झाकून बाकी यादी द्या असं कलम १० खाली मागा.

‘फाइल सापडत नाही’ हे कारण कायद्यातल्या सवलतींच्या यादीत नाही. नोंद होती हे दाखवणारा कुठलाही धागा, म्हणजे आवक क्रमांक, जुनी नोटीस किंवा ठराव क्रमांक, अपिलाला जोडा आणि फाइलचा शोध घेऊन जबाबदारी निश्चित करा अशी मागणी करा. सरकारी अभिलेख सांभाळण्यासाठी कर्नाटकाचा २०१० चा वेगळा कायदा आहे, त्याचाही उल्लेख करा.

पहिलं अपील

उत्तर मिळाल्यापासून, किंवा ते न मिळता मुदत संपल्यापासून, ३० दिवसांत कलम १९(१) खाली पहिलं अपील करा. ते त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे जातं. ग्रामपंचायतीच्या बाबतीत साधारणपणे तालुका पंचायतीच्या कार्यकारी अधिकाऱ्याकडे. नाव माहीत नसेल तर ‘प्रथम अपिलीय अधिकारी’ लिहून कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवा. कर्नाटकात अपिलाला फी नाही. एका पानात तारखा लिहा: अर्ज कधी दिला, कधी पोचला, काय आलं, काय आलं नाही, आणि काय हवं. अर्ज, पोच आणि उत्तर यांच्या प्रती जोडा. निर्णय ३० दिवसांत, कारणं नोंदवून फार तर ४५ दिवसांत.

सुनावणीला बोलावलं तर जा. कन्नड बोलता येत नसेल तर सोबत बोलणारा न्या आणि तो सोबत येणार असल्याचं आधी लेखी कळवा. बरेच कागद याच टप्प्यावर हाती येतात, कारण वरिष्ठाला आयोगापुढे उभं राहायचं नसतं.

दुसरं अपील

तिथेही काही झालं नाही तर ९० दिवसांत कर्नाटक माहिती आयोगाकडे कलम १९(३) खाली दुसरं अपील. आयोग बेंगळुरूत आहे, बेळगाव आणि कलबुर्गीतही त्याची पीठं आहेत, त्यामुळे सुनावणीसाठी दर वेळी बेंगळुरू गाठावं लागत नाही. तारीख लागायला बरेच महिने जातात. अर्ज घेतलाच नाही, किंवा जाणूनबुजून खोटी माहिती दिली, तर कलम १८ खाली तक्रारही करता येते. माहिती मिळवायची असेल तर अपील, अधिकाऱ्यावर कारवाई हवी असेल तर तक्रार, हा फरक लक्षात ठेवा. दंड दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये. तो अधिकाऱ्याच्या खिशातून जातो आणि लावायचा अधिकार फक्त आयोगाला आहे. म्हणून अपिलातच कलम २० चा दंड स्पष्ट शब्दांत मागा, न मागता तो क्वचितच लागतो.

महाराष्ट्राकडे मराठीत अर्ज

हा कायदा प्रत्येक भारतीय नागरिकाला आहे, त्यामुळे खानापूरचा माणूस मुंबईच्या मंत्रालयातही अर्ज करू शकतो, आणि तिथे मराठी चालते. महाराष्ट्राने ८६५ सीमाभागातल्या गावांसाठी जाहीर केलेल्या सवलती आणि महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचा विस्तार यांचे शासन निर्णय, मंजूर रकमा, प्रत्यक्ष खर्च आणि गावनिहाय लाभार्थ्यांची संख्या तिथेच मागायची. महाराष्ट्राच्या ऑनलाइन पोर्टलवर फी भरता येते, त्यामुळे कोर्ट फी स्टॅम्पसाठी कोल्हापूरची फेरी वाचते. तिथेही एका अर्जाला १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून प्रत्येक योजनेचा अर्ज वेगळा करा.